वाढदिवसाचे पाच शेअर

मुलगी : म्हणून ठरवलंय बाबा, सोमवारी गाळ्याच्या मालकाला नाही म्हणून सांगते. स्वतःचं फिजिओथेरपीचं क्लिनिक काही माझ्या नशिबात दिसत नाही.

बाबा : जरा बाजूला सरक ठमे. उजेड अडतोय.

मुलगी : मी काय बोलतेय आणि तुमचं काय चाललंय!

बाबा : ऐकतोय की. शिवायला हात लागतात, कान मोकळेच असतात. पैसे किती कमी पडतात?

मुलगी : निम्मे.

काकू : मास्तर, आता तरी उघडा तो खण! का मी काज अर्धं टाकून उठू?

मुलगी : कसला खण, काकू?

काकू : बटणांच्या डब्यांखालचा. इतकी वर्षं तोंड शिवून बसलेय मी.

बाबा : बाई, तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे कसं टिकलं तेच नवल. हं, घे हा कागद. वाच.

मुलगी : डीमॅट खात्याचा उतारा? माझ्या नावाचा? दोऱ्याची कंपनी, रंगाची, साबणाची... अगंबाई! बाबा, यात एखादं शून्य जास्त पडलंय का?

बाबा : मलाही तसंच वाटलं होतं. बरोबर आहे ते.

मुलगी : म्हणजे अठरावं लागलं तेव्हा तुम्ही सह्या घेतल्या होत्या, त्या या?

बाबा : न वाचता केल्या होत्यास. सांगितलं असतं, तर त्याच वर्षी दारात स्कूटर उभी राहिली असती.

काकू : दर वाढदिवसाला पाच शेअर, पोरी. वर्षभर ज्या कंपनीच्या मालानं दगा दिला नाही, तिचे. दोरा दोन्ही हातांनी असा कचकन ओढून बघायचे. तुटला, की कंपनी बाद!

मुलगी : आणि हे काय? चेनची कंपनी, किंमत काहीच नाही?

बाबा : ती माझी अक्कल. चेन अशी, की पँट फाटेल पण चेन तुटणार नाही. म्हटलं, ही कंपनी बुडणं शक्य नाही. मालकाचे दोन मुलगे भांडले आणि दोन वर्षांत टाळं. तेव्हा कळलं, नुसता माल बघून भागत नाही, घर पण बघावं लागतं. मग आपले एक हिशेबतपासनीस गिऱ्हाईक होते, त्यांच्याकडून कंपनीचा अहवाल वाचून घ्यायचो. बदल्यात त्यांच्या पँटी सैल करून द्यायचो.

काकू : आणि त्यांचं पोटही दरवर्षी वाढायचं, म्हणून जमलं! बाजार कोसळला तेव्हा सगळे विकायला पळत होते. मास्तर मशीनला तेल घालत बसले. तेही चष्म्याशिवाय. दोन वर्षं सुईत दोरा मीच ओवून देत होते.

बाबा : बाई, काज.

मुलगी : चष्मा का नव्हता?

काकू : वाढदिवस आला होता ना तुझा!

मुलगी : बाबा... दहाव्या वाढदिवसाला मी इथेच उभी राहून ओरडले होते. बाप शिंपी, आणि माझ्याच अंगावर चिंध्यांचा फ्रॉक! गिऱ्हाइकं बसली होती समोर.

बाबा : चिंध्या नव्हत्या. तुकडे होते, गिऱ्हाइकांना विचारून ठेवलेले. आणि घेर चांगला पडला होता त्या फ्रॉकला.

मुलगी : तुम्ही तेव्हा एक शब्द बोलला नाहीत.

बाबा : काय बोलणार? तू खरंच बोलत होतीस.

मुलगी : नव्हते हो बाबा. तुमचे उपकार कशानं फेडू मी?

बाबा : वेडी आहेस का? बापलेकीत कसले उपकार? सोमवारी हो म्हणून सांग, झालं.

मुलगी : सांगते. पण दोऱ्याच्या कंपनीचे शेअर नाही विकणार, ते माझ्या बाळासाठी. आणि पुढच्या महिन्यात त्याच्या वाढदिवसाला मी पाच घेणार. कुठले घेऊ?

बाबा : तुझ्या कामात वर्षभर कशानं दगा दिला नाही?

मुलगी : व्यायामाच्या रबरी पट्ट्या. पेशंट ओढून ओढून दमतात, त्या जशाच्या तशा.

बाबा : मग आधी मालकाचं घर बघ. आणि हे बघ, बाळाच्या सदऱ्यासाठी नवं कापड आणलंय. हात लावून बघ, किती मऊ आहे.

(मुलगी कापडावरून हात फिरवते, ते बाजूला ठेवते आणि मशीनखालची तुकड्यांची पेटी पुढे ओढते.)

मुलगी : ते राहू दे, बाबा. त्याला यातलाच शिवा.