निशाण उतरायच्या दिवशी

— नाही, सैल झालाय. सोड आणि पहिल्यापासून बांध. हो, सगळेच. एकेक रुमाल काढ, झटक, घडी घाल आणि पुन्हा गुंडाळ. मद्रासचा कपडा आहे, अंता. फाटला तर तुझी पाठ सोलून ठिगळ लावता येणार नाही. डोक्यावरचं हे शिखर असं उभं राहायला हवं, की मी किल्ल्याच्या अंगणात पाऊल टाकलं की नव्या गव्हर्नरला आधी ते दिसावं, मग मी, मग बाकीचं साँ-लुई गाव. आज इंग्रजांचं निशाण उतरणार, फ्रेंचांचं चढणार — असल्या दिवशी सिन्यार माद्लेन, गव्हर्नरांची बायको राहिलेली बाई, एखाद्या कोळणीसारखं फडकं गुंडाळून गेलेली चालेल का? नाही चालणार. — आणि बघ, तुझे हात थांबले. हात थांबले की मला कळतं, तू खिडकीकडे बघतेयस. काय आहे तिथं? नदी आहे. काल होती, उद्याही असेल. भांडी पडलीत म्हणतेस? भांड्यांना पाय फुटत नाहीत. बांध.

तुला इंग्रजांआधीचं फारसं आठवत नसेल. तुझी आई माझ्या अंगणात बाजरी कुटायची आणि तू तिच्या पाठीला बांधलेली असायचीस, तेव्हा फ्रेंच होते — पण पाठीवरच्या पोराला काय दिसणार, आईची मान. मी मात्र सगळे पाहिले. मी जन्मले तेव्हा इंग्रज. बापही इंग्रज, त्यानं मला नाक दिलं आणि गेला. मग फ्रेंच आले. मग त्याच फ्रेंचांनी तिकडं आपल्या राजाचं मुंडकं उडवलं, आणि इथं काय झालं? टोपीवरची फीत बदलली. काल राजाच्या नावानं पेला उचलणारा गव्हर्नर आज म्हणतो, मादाम, आता सगळी माणसं सारखी — आणि म्हणता म्हणता माझ्याच गुलामाच्या हातून कॉफी घेतो, साखर कमी पडली म्हणून कुरकुरतो. मग पुन्हा इंग्रज. आता पुन्हा फ्रेंच. कुणी दोन-चार वर्षं टिकला, कुणी एक पावसाळाही काढला नाही. लोक मला विचारतात, सिन्यार, तुम्ही नेमक्या कुणाच्या? मी सांगते, मी माझ्या घराची. हे दगडी घर, खालची डिंकाची कोठारं, नदीतल्या होड्या, अंगणातली माणसं, तू — हे माझं. किल्ल्यात जो बसेल तो पाहुणा. निशाण पाहुण्याला लागतं, घरमालकाला कशाला?

मान वाकवायला लावू नकोस. वरून ओढ, हं, असं. पहिला नवरा माझा द लाव्हेर्न. मी तुझ्यापेक्षाही लहान असेन. आईनं विचारलं, गव्हर्नर मागतोय, देऊ का? आणि माझ्या उत्तराची वाट न बघता मला न्हाऊ घातलं. इथल्या रीतीनं लग्न लागलं — गोरा या किनाऱ्यावर आहे तोवर नवरा, जहाजात चढला की मोकळा. त्यात लाज कसली? सगळं गाव जेवलं, ढोल वाजले. चांगला होता तो. गुडघ्यावर बसून माझ्या पायातलं कडं स्वतःच्या हातानं चढवायचा. जाताना म्हणाला, पुढच्या वाऱ्याला येतो, तुला पॅरिस दाखवतो. मी किनाऱ्यावर गेले, होडीत चढताना त्याचं शेवटचं पाऊल जिथं उमटलं तिथली वाळू उचलली, रुमालात बांधली, पलंगाच्या पायाशी ठेवली. आमच्यात ठेवतात, म्हणजे माणूस परत येतो. आला का? त्याच्या जागी दुसरा आला, त्यानं सांगितलं, लाव्हेर्न ना — त्याचं लग्न झालं, मजेत आहे, पोट सुटलंय. ती वाळू मी कोंबड्यांच्या खुराड्यात टाकली.

तो सांगणारा मोनिए. तोच मग माझा दुसरा. पावसाळ्यात त्याला ताप भरला, पिवळा पडला, काळं ओकायला लागला. शेवटी शेवटी मला हाका मारायचा — ‘ज्युली, ज्युली.’ तिकडची कुणीतरी. मी म्हणायचे, हो, मीच ज्युली, झोपा आता. मरणाऱ्या माणसाशी कशाला वाद घालायचा? गेला त्याच दुपारी त्याचे बूट कुणीतरी पळवले. मी चाबकानं फोडून काढलं सगळ्या अंगणाला. तुझ्या आईलाही. बूट तिनं नव्हते नेले, नंतर कळलं — पण तेव्हा कुणाला तरी मारायलाच हवं होतं मला.

हळू. कानातल्याला धक्का लागतोय. — काय म्हणालीस? नाही, काहीतरी म्हणालीस. ‘सगळे तसेच नसतात.’ असं का. बरं. आता आपण त्याच्याबद्दलच बोलू या मग, तुझ्या मनात दुसरं काही नाहीच. कर्नल थॉर्नबी. किल्ल्याचं छप्पर गळतं म्हणून माझ्या माडीवर राहायला आला. इंग्रजांचा गव्हर्नर माझ्या छपराखाली. गोऱ्यांशी लग्न लागलेल्या गावातल्या बाकी सगळ्या सिन्यारांचे चेहरे आंबले होते. रीतीनं लग्न मी लावून घेतलं — आग्रहानं, होय, मी आग्रह केला, माझं वय का लपून राहणार आहे? तो हसला आणि म्हणाला, जशी इथली पद्धत असेल तशी, मादाम. जेवायला माझ्यासमोर बसायचा. हवापाण्याचं बोलायचा. आणि नजर कुठं असायची? अंगणात. आधी मला वाटलं विहीर बघतोय. मग एक दिवस कठड्यावर ओणवून तो तुला विचारत होता, याला तुमच्यात काय म्हणतात, त्याला काय म्हणतात — बादलीला, कबुतराला, स्वतःच्या नाकाला — आणि तू सांगत होतीस, आणि तो चुकीचं म्हणत होता, आणि तू तोंडाला पदर लावून हसत होतीस. इतकी वर्षं इतके आले. माझ्या भाषेतला एक शब्द कुणी मला विचारला नाही. फ्रेंच बोल, इंग्रजी बोल. मी बोलले.

आता श्वास कशाला रोखतेस? पोट आत ओढून लपत नसतं, अंता. कमरेची गाठ तू वर बांधायला लागलीस तेव्हाच मला कळलं. मी काही म्हटलं का? नाही म्हटलं. म्हणायचं काय त्यात — माझ्या घरात जन्मेल ते माझं. वासरू ज्याच्या गोठ्यात त्याचं. इंग्रजांनी माणसांची खरेदी-विक्री बंद केली म्हणून तू समजत असशील की आपण सुटलो. खरेदी बंद झाली, पोरी. घरात आहेत ती कुठं जातात? कुठंच जात नाहीत.

आणि तो म्हणाला असेल ‘तुला नेईन’. म्हणाला ना? मान हलवू नकोस, रुमाल सरकतो. सगळे म्हणतात. लाव्हेर्न तर शपथा घ्यायचा. नदीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे ना, लाटा फुटतात तो — तो ओलांडेपर्यंत पुरुषाला सगळं आठवतं. पलीकडे मोठं जहाज दिसलं, त्यावर चढला, स्वच्छ सदरा घातला की संपलं. हा तरी काय वेगळा? याचा वेडेपणा एवढाच की सकाळपासून दोनदा माणूस पाठवला, आणि मग स्वतःच टोपी हातात घेऊन —

बांध. का थांबलीस?

बांध म्हणते ना.

हो, पाठवला होता माणूस. ऐकलंस तर ऐकलंस. पहिल्यांदा त्याचा शिपाई आला, मी सांगितलं, अंता इथं नाही, डिंकाच्या बोटीबरोबर नदीनं वर पोडोरला पाठवलीय. पुन्हा आला, पुन्हा तेच सांगितलं. मग तो स्वतः आला. खाली, कोठाराच्या दारात उभा राहिला. तू कुठं होतीस? मागं, विहिरीवर, माझे रुमाल धूत. काल धुतलेले रुमाल आज पुन्हा का धुवायला दिले मालकिणीनं, असा विचारही आला नाही ना तुझ्या मनात? आणि आता तिसऱ्यांदा का बांधून घेतेय? पाणी ओसरायला लागलं की होड्या दांड्यापलीकडे जातात. निशाण उतरवायला एक शिपाई पुरतो, गव्हर्नर त्यासाठी थांबत नाही. आज ओहोटी सूर्य माथ्यावर यायच्या आधी होती. सूर्य कुठं आहे बघ. आता बघ खिडकीतून, बघ पोटभर. काही दिसतंय? गेले ते.

रडला तो माझ्यासमोर. इंग्रज माणूस, गव्हर्नर, इथं सगळ्यांना फाशीची भीती घालणारा — डिंकाच्या पोत्यावर बसला आणि रडला. म्हणाला, तुम्ही मागाल ते देतो, मादाम, पण तिला माझ्याबरोबर येऊ द्या, मी तिला मोकळी करणार आहे, मी तिच्याशी चर्चमध्ये लग्न करणार आहे. चर्चमध्ये. मी विचारलं, आणि माझं काय, कर्नल? मी तुमची इथली बायको. आज निघताना मला काय सांगून चाललात? तर उठून उभा राहिला, डोळे पुसले आणि म्हणाला, ‘तुमच्या पाहुणचाराबद्दल मी तुमचा फार आभारी आहे.’ पाहुणचार. मी त्याच्या तापात त्याचं ओकलेलं काढलंय. तू नव्हतीस काढत, मी काढत होते, तुला त्या खोलीत येऊ देत नव्हते मी. पाहुणचार म्हणाला.

मग मी सांगितलं त्याला. तुला सांगायचं नव्हतं, पण आता ऐकच. मी म्हटलं, कर्नल, तुम्ही भोळे आहात. अंताला मी पाठवलं नाही, ती आपणहून गेली, देम्बा नावाडी आहे ना माझा, त्याच्याबरोबर. पोटातलंही त्याचंच. अंगणात सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्हाला भाषा येत नाही म्हणून कळलं नाही, तुमच्या चुकीच्या उच्चारांवर दोघं मिळून हसत असत. — का म्हटलं? कारण मला तसं म्हणावंसं वाटलं. आणि त्याला ते पटलं, अंता. हे तू नीट लक्षात ठेव, झोप येणार नाही तेव्हा यावर विचार कर. मला वाटलं होतं तो भांडेल, म्हणेल अशक्य आहे, अंगणात शिरेल, तुला हाका मारेल. विहीर किती लांब आहे? एक हाक मारली असती तर तुला ऐकू गेली असती. त्यानं नाही मारली. एवढंच म्हणाला, ‘असं होय.’ टोपी घातली आणि गेला. त्याचं सगळं प्रेम, बादलीला काय म्हणतात नि कबुतराला काय म्हणतात, ते एका वाक्यात आटोपलं. मला वाईटच वाटलं तुझं. खरंच वाटलं.

आणि मला खोटं बोलायला आवडत नाही. उद्या बोट पोडोरला निघतेय, डिंक आणायला. तू तीत असशील. देम्बालाही तीवरच घातलंय. म्हणजे मी बोलले ते खरं झालं, एका दिवसाचा काय तो फरक. पोर झालं की दूध तुटेपर्यंत ठेव, मग इकडं पाठव. गोरं असेल तर माडीवर वाढवीन. नसेल तर अंगणात.

झालं का बांधून? पुरे, उंच झालं. आता ते सोन्याचं पान लाव समोर. नवा गव्हर्नर बायको घेऊन आलाय म्हणतात, तिकडची, गोरीपान, छत्रीखाली चालणारी. हो, मलाही कळलंय, अंगणात काय कुजबुजतात ते. हसा. आजवर कुणी आणली नव्हती. तिला या नदीकाठचा पहिला पावसाळा बघू दे, मग बोलू. आणि नाही मेली तरी माझं काय अडलंय? मी जाईन, वाकेन, म्हणेन, मादाम, आपलं स्वागत असो. माझ्याकडे माडीवर रिकामी खोली आहे म्हणेन. आज सकाळपासून रिकामी आहे.

का गं, रडत तरी का नाहीस? तुझी आई रडायची. तिला मारलं की सगळ्या घराला कळायचं. — तुझे हात केवढे शांत आहेत. अंता? काय करतेयस मागं? पान लावून झालं असेल ना, मग मानेवर कशाला हात ठेवलायस?

समोर ये. मागं उभी राहू नकोस, समोर ये म्हणते ना, दिसेल अशी.

नाही — नको. नको येऊस समोर, तुझं तोंड नाही बघवायचं मला. जा तू. दार लोटून घे आणि जा, दुसऱ्या कुणाला तरी पाठव.