तनुजा पोचेपर्यंत केर न्हाई

न्हाई, पर मी म्हन्तो, वेळ लिवायची तर नीट लिवा की! हैदराबाद ते शिकागो, तेरा हजार किलोमीटर, सोळा तास. मोबाईलवर असं ठळक लिवलेलं. आता मी तीस वर्सं एसटीत कंडक्टर, उदगीर-लातूर, उदगीर-नांदेड... वेळापत्रकावर इस्वास ठेवनार का न्हाई? ठेवला! तिथंच फसलो.

झालं काय, लेक माझी तनुजा, जावई आन् दोन नाती, पंधरा दिस ऱ्हाऊन शनवारी सांजच्याला निघाली. इमान इतवारी पहाटं चारचं. आन् आमच्यात कसं हाय, मानूस गावाला गेलं की त्ये पोचेपर्यंत घराचा केर काढायचा न्हाई. बायको माझी, सिंधु, तिला जाऊन तीन वर्सं झाली, पर ह्या बाबतीत लई कडक! तनुजा लातूरला क्लासला जायची तवा बरं होतं, दोन तासात पोचली, फोन आला, झाडू हातात. आता तेरा हजार किलोमीटर हो!

घर बघायला पायजे होतं तुम्ही. शेंगांची टरफलं, चुरमुरे, पेन्सिलीला टोक करून पाडलेला भुगा... मी आपला पाय उचलून उचलून चालायलो. शेजारची सुमनबाई दारात हुभी, "आवो अप्पा, मुंग्या लागल्यात! सरा बाजूला, मी झाडते." मी दारात आडवाच झालो. "न्हाई! पोरगी आजून आभाळात हाय!"

सोळा तास मोजले, तुम्हाला सांगतो, घड्याळासमोर खुर्ची टाकून. इतवारी रात्री आठ वाजले... फोन न्हाई. साडेआठ... न्हाई. म्हनलं लेट आसंल. पर एसटी लेट झाली तर मानूस स्टँडवर जाऊन इचारतंय, नळेगावला टायर फुटलं का म्हनून. हितं कुनाला इचारू? तेरा हजार किलोमीटर, आन् मधी एक नळेगाव न्हाई!

भ्यालो बघा, लई भ्यालो. सिंधु आसती तर एकमेकाला खोटं सांगत बसलो आसतो, पोचले आसतील म्हनून. एकट्या मानसाला सोताशी खोटं बोलता येत न्हाई हो.

सोमवारी सकाळी नवाला फोन. "अप्पा, पोचलो." मी वरडलोच, "सोळा लिवलेत, एकोनतीस लागले!" "अहो अप्पा, ती सरळ विमानाची वेळ. आम्ही दुबईला बदललं, सात तास बसलो तिथं." "मग तिथनं फोन?" "लागलाच नाही. पोरी पेंगायल्यात, मागनं बोलते हं." ठेवला. चाळीस सेकंद! तेरा हजार किलोमीटर, चाळीस सेकंद...

पर पोचली ना? झालं तर मग. उठलो, झाडू घेतला, पलंगाखालनं, कपाटामागनं, दोन सुपल्या केर निघाला. सुमनबाई खूश.

दुसऱ्या दिवशी पुन्हा झाडलं. कोपरान् कोपरा, बरं का. निघालं काय? काय न्हाई! एकट्या मानसाचा केर निघून निघनार किती?

तरी रिकामी सुपली घेऊन भाईर गेलो आन् उकिरड्यावर चांगली दोनदा आपटली... सुमनबाई बघायली होती ना!