बांगडीचा ओरखडा

विरारहून नंदाखालला जाणाऱ्या बसच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारी आणि तिचा मुलगा रेमंड उभे होते. त्याने पेटी उघडून तिला नवी गिटार दाखवली.

"मम्मी, पप्पांची पुरात गेली ना, तिच्या फोटोवरून कारागिराने हाताने घडवलीय. तसंच फुगीर पोट, तशीच व्हायोलिनसारखी भोकं."

"रंगही तोच रे. पप्पा जॅझ वाजवायचे तेव्हा दिव्याखाली मधासारखी दिसायची."

"मग? त्यांचीच वाटते ना?"

"वरचा ओरखडा कुठाय?"

"नव्या लाकडावर ओरखडा कोण काढेल, मम्मी?"

"मी मागून त्यांच्या गळ्यात हात टाकायची, तेव्हा बांगडी घासायची तिथे. तरी वाजवायचं थांबवायचे नाहीत."

"मम्मी, बस आली."

"येऊ दे. बांगडी तीच आहे. गिटार जरा पुढे धर."