मनीप्लांटचं पांढरं पान

तुम्ही मला चांगली शिक्षिका म्हणता ना, मग हेही ऐका. पिपलानीतल्या मुलींच्या हिंदी शाळेत मी नववीला जीवशास्त्र शिकवायचे. एकदा क्वार्टरमधल्या मनीप्लांटचं हिरवं-पांढरं पान वर्गात नेलं आणि पांढऱ्या भागावर बोट ठेवून म्हणाले, "ये हिस्सा किसी काम का नहीं. हरा हिस्सा खाना बनाता है, ये बैठे-बैठे खाता है."

वर्ग हसला. मग दोघी-तिघींनी मागे वळून शेवटच्या बाकावरच्या वंदनाकडे पाहिलं, तेव्हा मी पानावरचं बोट उचललं. तिच्या दोन्ही हातांवर कोडाचे पांढरे डाग होते. तिने हात ओढणीखाली घेतले, पण उभी राहिली.

"मॅडम, सफेद हिस्सा साँस लेता है?"

"हाँ बेटा, लेता है."

"सिर्फ दिन में?"

"नहीं, दिन-रात. वो भी ज़िंदा है."

"तो बोर्ड पर ये भी लिख दीजिए."

मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं. तिची माफी मागायची होती, शब्दही तयार होते. तेवढ्यात घंटा झाली, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. मुलींच्या आधी मीच वर्गाबाहेर पडले.