वीस, वीस, वीस

—ती पोरगी खोटारडी? नाही हो बाई, कुणी सांगितलं तुम्हाला? बसा ना, ते स्टूल पुसलंय, तिकडं नको, साडीला केस चिकटतील. आम्ही शिडी म्हणतो तिला. उंच आहे ना — वरच्या पिंजऱ्यातलं जनावर काढायला मला स्टूल लागतं, तिचा हात आपसूक पोचतो. तुमच्या कॉलेजातून किती पोरं आली इथं जनावरांच्या दवाखान्यात नर्सचं काम शिकायला, डॉक्टर सगळ्यांना आधी माझ्याच गळ्यात घालतात. शाळेचं तोंड पाहिलं नाही मी, पण घाबरलेलं कुत्रं कसं धरायचं ते काय फळ्यावर लिहून येतं का? पण हिच्यासारखी पोरगी नाही पाहिली. पहिल्याच दिवशी बोका कडाडून चावला, तर रक्त नंतर पुसलं, आधी त्याला पिंजऱ्यात नीट ठेवलं. अशी पोरगी तुम्ही घरी बसवणार?

हो, कागदावर अक्षर तिचंच. मी कुठं नाही म्हणतो. पण तो कागद कसा भरतात ते ऐका तरी. ऑपरेशन झालं की जनावर या टेबलावर येतं, आणि भूल उतरेपर्यंत एकानं छातीवर हात ठेवून बसायचं. दर पाच मिनिटांनी मिनिटभर श्वास मोजायचे. मी मोजणार, पोरं लिहिणार — मला लिहिता येत नाही ना. मी वीस म्हटलं की तिनं वीस लिहायचं.

परवा ती करडी मांजर होती. साधं ऑपरेशन, मालकीण बाहेर रिकामी टोपली मांडीवर घेऊन बसलेली. शिडी सकाळपासून उपाशी. जेवायला गेली — म्हणजे, मीच पाठवली. ती म्हणाली, “काका, कागद कोण भरणार?” मी म्हटलं, भरून ठेव की अर्ध्या तासाचा, वीसच्या आसपासच येतात, काही वेगळं वाटलं तर हाक मारतो. “हे बरोबर नाही, काका.” असं म्हणाली ती, दोनदा म्हणाली. मी हसलो. म्हटलं, शिडे, तू जन्मायच्या आधीपासून हा हात श्वास मोजतोय, तू मला शिकवणार?

हात छातीवरच होता, बाई. उचलला नाही मी. डोळा लागला. घरी बायको अंथरुणाला खिळलीय, रात्रभर दर दोन तासांनी कूस बदलावी लागते — नाही, कारण नाही देत, आपलं झालं ते सांगतो. शिडीच्या हाकेनं जागा झालो. हाताखाली काहीच हलत नव्हतं. कागदावर मात्र वीस, वीस, वीस… सहा वेळा.

डॉक्टरांनी विचारलं, कुणाचं अक्षर हे? ती म्हणाली, माझं. मी तिथंच उभा होतो, हातात फडकं घेऊन. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बोललो असतो मी — नाही, आता आणखी खोटं कशाला. नसतो बोललो. नोकरी गेली तर बायकोचं औषध कुठून आणू, एवढंच आलं डोक्यात. शिडीला ठाऊक आहे घरचं सगळं. म्हणून गप्प राहिली ती. आणि मी राहू दिली.

दोन दिवस झाले, बाई. मांजरीवर हात ठेवायची हिंमत होत नाही.

लिहून घेतलंत का सगळं? मग दाखवा कुठं सही करायची. तेवढी येते मला, पोरांनीच शिकवली… जरा धरा कागद.

झालं. डॉक्टर आतल्या खोलीत आहेत, नेऊन द्या. ती बाहेर बाकावर बसलीय ना? सांगा तिला, उद्यापासून ये म्हणावं. नाही, इकडं नका पाठवू. मला पिंजरे धुवायचेत. जा तुम्ही.