ज्वारीतल्या सीड्या

मंठ्यात लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढं एक म्हातारा आणि त्याची लेक बसले होते. लॅपटॉप चालूच होत नव्हता.

"सगळं पुसून पहिल्यासारखा करावा लागंल, ताई. लॅपटॉपसंगं आलेल्या कंपनीच्या सीड्या आणल्या का?"

"आबांना विचारा, साजिदभाई. त्यांनी जपून ठेवल्या होत्या. ज्वारीत."

"ज्वारीत?"

"दोरीला टांगून. पाखरं भितात म्हणे."

"मंग, भितातच. औंदा एक कणीस खाल्लं न्हाई."

"बराबर हाय, आबा. उद्या ऑनलाइन मुलाखतीत हेच सांगते. लॅपटॉप न्हाई, पण आमची ज्वारी बघा."

"मला वाटलं, जुन्या गाण्याच्या असतील. वर काय लिव्हलंय, मला काय कळतंय?"

"पाखरांना कळलं ना. वाचूनच पळाली असतील."

"आणल्यात की सोडून. साजिद, लावून तर बघ."

"काका, उन्हानं पार गेल्यात या. पण काळजी करू नका. कंपनी हेच सगळं लॅपटॉपमधी पण एका वेगळ्या जागेत ठेवते. तिथून करतो."

"बघा आबा, कंपनीला आधीच माहीत होतं, घरात तुम्ही हायेत म्हणून."

"ताई, इथं तर ती जागाच पुसलेली हाय. कुणाच्या तरी लग्नाचे व्हिडिओ भरलेत त्यात."

"मैत्रिणीच्या."

"पण पोरी, भरले कुणी?"

"जागा पुरत न्हवती. मला वाटलं, ते काही कामाचं नसंल."

"साजिद, तू साक्षीला हायेस बरं. हे काय मी ज्वारीत टांगलं न्हाई."