वेस्नाचं वादळ

...आणि वर लॉरेन, म्हणजे आमची सौभाग्यवती, मलाच विचारते, "तुला ती गोष्ट काढायला सांगितलं कोणी होतं?" अहो, सांगितलं होतं की! डार्लीननं सांगितलं होतं. डार्लीन आमच्या वेस्नाची महापौर. गावात माणसं एकोणीस, त्यातली दोन हिवाळाभर मुलीकडे, पण महापौर आहे. म्हणजे होती. नव्या वर्षापासून वेस्ना हे गाव कागदावरून पुसणार, शेजारच्या तालुक्यात ढकलून देणार, म्हणून जुलैत शेवटचा मेळावा. डार्लीनचा फोन आला. आवाज तुम्हाला सांगतो, असा, नाकातून, "टारस, तू पाच मिनिटं बोलायचं हं, बालपणीच्या गोड आठवणी, आणि ती वादळाची सांगच, लोक रडले पाहिजेत." रडले पाहिजेत म्हणाली. रडवले मी. आता यात माझं काय चुकलं, सांगा तुम्ही.

ही वादळाची गोष्ट मी चाळीस वर्षं सांगतोय. मुलीच्या लग्नात सांगितली, निवृत्त झालो त्या दिवशी सांगितली, नातीच्या शाळेत जाऊन सांगितली. रजायनात, म्हणजे इथं शहरात, आमच्या गल्लीत नवीन कुटुंब राहायला आलं की लॉरेन केक घेऊन जाते आणि मी गोष्ट घेऊन जातो. कारण तुम्हाला सांगतो, माणसानं शहरात कितीही वर्षं काढली ना, तरी त्याला सांगायला एक गाव लागतं. माझं वेस्ना. एक रस्ता, एक हिरव्या घुमटाचं चर्च, एक टेलिफोन एक्स्चेंज, स्केटिंगचं छपराखालचं बर्फाचं मैदान आणि रुळाच्या कडेला धान्याचं उंच लाकडी कोठार, ते दहा मैलांवरून दिसायचं. दिसायचं म्हणतोय, कारण ते पाडलं. बर्फाच्या मैदानाचं छप्पर पडलं. शाळेची लाकडी इमारत तर ट्रकवर घालून उचलून नेली कोणीतरी, आता तिच्यात म्हणे मधमाश्यांची खोकी ठेवतात. मी वर्षा-दोन वर्षांनी जायचो, एक चक्कर मारायचो, हळहळायचो आणि रात्रीच्या जेवणाला रजायनात परत. आमचा थोरला भाऊ नेस्टर, तो मात्र तिथंच राहिला. वडिलांची जमीन, वडिलांचं घर, वडिलांची टोपीसुद्धा. चार वर्षांनी मोठा माझ्याहून. बोलायला अगदी कंजूष. फोनवर मी अर्धा तास बोललो की तो म्हणणार, "बरं." संपलं.

तर मेळाव्याला दोनशे माणसं. व्हँकुव्हरहून आलेली, टोरांटोहून आलेली, ओळखू न येणारी. हॉलमध्ये कोबीच्या पानात भात गुंडाळलेले डोलमे, बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या वर तळलेला कांदा घालून, आणि कॉफी, जिला आमच्याकडे कॉफी म्हणतात. नेस्टर मागे मोरीपाशी कॉफीचं पातेलं धूत उभा. पुढच्या रांगेत पारास्का मावशी. वय त्र्याण्णव. गावाचं टेलिफोन एक्स्चेंज बावीस वर्षं हिनं चालवलं, म्हणजे गावातला एकूण एक शब्द हिच्या कानातून गेलेला, आणि आता तेच कान गेलेले. चाकाच्या खुर्चीत, मांडीवर घोंगडी, जुलैत.

आणि मी सुरू केलं.

सांगितलं की, चौसष्ट सालचा फेब्रुवारी, मी सात वर्षांचा, दुपारी हिमाचं वादळ सुटलं, शाळा लवकर सोडली, आणि मी वादळात हरवलो. स्वतःचा हात दिसत नव्हता. पण हाताला कुंपणाची तार लागली, ती धरून धरून चाललो, हातमोजा तारेला चिकटायचा, ओढून काढायचा, पुढे चालायचं. आणि चर्चची घंटा वाजत होती. पाद्रीबाबांनी हरवलेल्या पोराला दिशा कळावी म्हणून घंटा वाजवायला घेतली, हाताला फोड आले तरी थांबले नाहीत, सगळं गाव कंदील घेऊन बाहेर पडलं, आणि मी तारेच्या टोकाला पोचलो तर धान्याचं कोठार, आणि कोठारवाल्यानं मला आत ओढलं, गव्हाचा वास मारणारा स्वतःचा कोट घातला अंगावर, आणि पीचचा डबा फोडून पाकासकट भरवला. त्या पाकाची गोडी, मित्रांनो, मला अजून कुठल्या शहरात सापडलेली नाही. असं म्हणालो. हे शेवटचं वाक्य मी गाडीत बसवलं होतं, कबूल करतो. पण रडले हो लोक! टोरांटोवाला माणूस, सहा फूट, टोपीत तोंड घालून रडत होता. आता यात माझं काय चुकलं?

टाळ्या थांबल्या आणि पारास्का मावशी बोलली. बहिऱ्या माणसाला आपला आवाज ऐकू येत नाही ना, त्यामुळे ती कानात सांगितल्यासारखं सांगायला गेली आणि दोनशे माणसांनी ऐकलं.

"टारसिक, तू कुठला रे वादळात? तू माझ्या एक्स्चेंजमध्ये स्टोव्हपाशी बसला होतास. पीच मी दिले तुला. वादळात नेस्टर होता."

मी हसलो. काय करणार? म्हटलं, म्हातारीचं वय झालंय. लोकही हसले, जरा कमी. मी म्हटलं, मावशी, तुमचं जरा घोटाळ्यात गेलंय. ती म्हणाली, घोटाळ्यात जायला माझ्याकडे उरलंय काय, पण तो दिवस आहे, कारण चर्चवर फोन मीच लावला, की पोरगं सापडलं, घंटा थांबवा.

आणि मी मागे बघितलं. आपण कशाला बघितलं असं होतं ना कधीकधी? नेस्टर पातेलं पुसत होता. पुसून झालेलं पातेलं. मग त्यानं ते पालथं घातलं, फडकं नीट वाळत टाकलं आणि मागच्या दारानं बाहेर गेला, त्या त्याच्या चालीनं, डाव्या पायावर जरा झुकून. त्या पायाची दोन बोटं नाहीत त्याला. मला लहानपणापासून माहीत होतं, गुरांना पाणी पाजायला गेला होता तेव्हा हिमानं गेली. आईनं सांगितलं होतं. आणि आईनं सांगितलेलं आपण तपासतो का? तुम्ही तपासलंत कधी?

डार्लीन माइकवर आली, "आता केक कापूया," आणि मी मागच्या दारानं गेलो.

तो ट्रकच्या मागच्या फळीवर बसला होता. समोर कोठार होतं ती रिकामी जागा. मी शेजारी बसलो. गप्प बसायची त्याला सवय आहे, मला नाही. शेवटी मी विचारलं, मावशी म्हणते ते खरं का? आणि तो नेहमीसारखं "बरं" म्हणून सोडून देईल अशी, तुम्हाला खरं सांगतो, मी आशा केली.

पण तो बोलला. अडखळत, मधे मधे थांबत, जमिनीकडे बघत. त्या दिवशी मला घरी न्यायची जबाबदारी त्याच्यावर होती. मी रुसून पळालो, कारण त्यानं मला त्याचे स्केट्स घालू दिले नाहीत. पळालो तो थेट एक्स्चेंजमध्ये, पीचचे डबे तिथल्या फळीवर असतात हे माहीत होतं म्हणून. हा मला शोधायला उलट्या बाजूला, तळ्याकडे गेला. मास्तरांनी टारस बोयचुक सापडत नाही म्हणून कळवलं, पाद्रीबाबांनी घंटा धरली. नेस्टरला घंटा ऐकू आली. त्याला वाटलं, आपल्यासाठीच आहे, आवाजाच्या दिशेनं चालायचं. चालला. मग मावशीचा फोन गेला, पोरगं सापडलं.

"थांबली," नेस्टर म्हणाला. "मी चालत होतो आणि घंटा थांबली."

बाकीचं त्यानं दोन वाक्यांत उरकलं. घरी सगळ्यांना वाटत होतं, नेस्टर माझ्याबरोबर एक्स्चेंजमध्ये आहे. एक्स्चेंजमध्ये वाटत होतं, तो घरी पोचला. कंदील घेऊन कोणी बाहेर पडलं नव्हतं. कुंपणाची तार त्याच्या हाताला लागली, ती धरून तो कोठारापर्यंत आला, कोठाराला कुलूप होतं. गाड्या रिकाम्या करायच्या पडवीत भिंतीला टेकून बसला, तिथं वडिलांना सापडला. आणि आईनं त्याला, अकरा वर्षांच्या पोराला, शपथ घातली की धाकट्याला सांगायचं नाही, त्याच्या मनाला लागेल. नाही सांगितलं. साठ वर्षं नाही सांगितलं. आम्ही बर्फावर हॉकी खेळायला जायचो, त्याच्याइतकं वेगात कोणी पळायचं नाही, पुढच्या हिवाळ्यापासून तो गोल राखायला उभा राहायला लागला, आणि मी, हा शहाणा, सगळ्यांना सांगायचो, आमच्या नेस्टरला पळायचा कंटाळा.

मग मी म्हटलं, पण मला आठवतं रे. ती तार मला आठवते. हातमोजा चिकटायचा ते आठवतं. मी खोटं नाही सांगत, मला आठवतं!

तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "आपण एका पलंगावर झोपायचो. मला ताप होता तीन आठवडे. मी बडबडायचो. तू ऐकायचास."

आता यात माझं काय... नाही, जाऊ दे.

मी विचारलं, मग तू कधी अडवलं का नाहीस? माझ्या मुलीच्या लग्नात तू समोर बसला होतास, मी अर्धा तास सांगितली, शेवटी लोकांनी डोळे पुसले, तू टाळ्या वाजवल्यास. तर म्हणतो कसा, तुझी चांगली आहे. तुझ्यात घंटा थांबत नाही. ऐकायला बरं वाटायचं. एवढंच. राग नाही, टोमणा नाही. अहो, चार शिव्या दिल्या असत्या तर मी माफी मागितली असती, मोकळा झालो असतो. चांगली आहे म्हणणाऱ्या माणसाची माफी कशी मागायची, कोणी शिकवलंय का तुम्हाला?

तरी मागितली. मोडकीतोडकी. त्यानं ऐकून घेतली, म्हणाला, "बरं." मग मी म्हटलं, रजायनाला चल, आमच्या तळघरात मोठी खोली आहे, खिडकी आहे, गाव आता उरलं कुठं, एकटा काय करणार? तो म्हणाला, तालुक्यात गेलं काय आणि राहिलं काय, त्याला सकाळी गुरांचं बघायचंय. आणि मी गाडीत बसलो तेव्हा दार धरून उभा राहिला, काहीतरी महत्त्वाचं सांगेल असं वाटलं, तर म्हणाला, हरणं रस्त्यावर येतात, हळू चालव.

रजायनापर्यंत अडीच तास. शेजारी लॉरेन, हॉलमध्ये सगळं ऐकलेली. घरी आल्यावर म्हणाली ते मघाशी सांगितलंच.

तेव्हापासून मी गोष्ट सांगत नाही. सांगायला जातो, तोंड उघडतो, आणि पारास्का मावशी ओरडते कानात. नातीनं परवा हट्ट केला, आजोबा, वादळ सांगा. मी खरी सांगून बघितली. मध्येच म्हणाली, ही वेगळी आहे, ही नको. दर रविवारी नेस्टरला फोन करतो. आता मी गप्प बसायला शिकतोय, म्हणजे तो काही बोलला तर बोलेल. तोही गप्प. वीस वीस मिनिटं आम्ही दोघं फोन कानाला लावून बसतो, त्याच्याकडे घड्याळ टिकटिकतं ते ऐकू येतं. लॉरेन म्हणते, हे काय चाललंय? मी म्हणतो, बोलतोय भावाशी.

आणि आता जानेवारीत, आमच्या ज्येष्ठांच्या क्लबात नवीन फॉर्म भरून घेत होते. काउंटरवर एक मुलगी, बावीस-तेवीसची, फार गोड, सगळं संगणकावर. नाव सांगितलं, वय सांगितलं. जन्मगाव? म्हटलं, वेस्ना. तिनं टाइप केलं, परत टाइप केलं, म्हणाली, "काका, यादीत दाखवत नाहीये. आसपास जवळचं दुसरं काही आहे का?"

जवळचं? मी म्हटलं, भाऊ आहे.

तिनं बिचारीनं खरंच शोधलं हो, वरपासून खालपर्यंत. मग म्हणाली, "तसा रकाना नाहीये, काका. मोकळं सोडू?"

म्हटलं, सोड.